क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये ग्रॅज्युएशन करायचंय? कोर्स निवडण्यापासून फायनल प्रोजेक्टपर्यंत सगळं

शाळा संपत आली की ज्यांना लिहायला आवडतं त्यांच्या डोक्यात हा प्रश्न येतोच, की लिहिणं युनिव्हर्सिटीत जाऊन शिकता येतं का आणि येत असेल तर आयुष्यातली तीन-चार वर्षं त्याला द्यावीत का. माझं मत आधीच सांगून टाकते. लेखक व्हायला डिग्री लागत नाही, कुठलाही संपादक कथा वाचताना डिग्री विचारत नाही. पण या कोर्समध्ये एक गोष्ट मिळते जी एरवी मिळणं फार अवघड असतं, ती म्हणजे तुमचं कच्चं लिखाण शेवटपर्यंत मन लावून वाचणारी आणि त्यावर बोलणारी माणसं, तीही सेमिस्टरभर. घरचे कौतुक करतात, मित्र लाइक देतात, पण "तिसऱ्या पानावर मी भरकटलो" असं कुणी सांगत नाही. खाली जे जे लिहिलंय ते सगळं याच गोष्टीभोवती आहे: हे वाचक जास्तीत जास्त कसे मिळवायचे, त्यांचं म्हणणं कसं ऐकायचं आणि आपण इतरांसाठी तसे वाचक कसं व्हायचं.

थोडा इतिहास, कारण त्याचा तुमच्या वर्गाशी थेट संबंध आहे. अमेरिकेतल्या आयोवा युनिव्हर्सिटीत १९३६ मध्ये रायटर्स वर्कशॉप सुरू झालं, तिथे सगळ्यांनी एकाचं लिखाण वाचून यायचं आणि गोल बसून त्यावर चर्चा करायची ही पद्धत रुळली. ब्रिटनमध्ये १९७० ला युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियाने माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांच्या पुढाकाराने एमए सुरू केलं, कादंबरीकार काझुओ इशिगुरो तिथूनच शिकले आणि २०१७ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. आता यातली महत्त्वाची गोष्ट ही की हे दोन्ही कोर्स ग्रॅज्युएशननंतरचे आहेत, म्हणजे तिथे येणारी माणसं आधीच खूप वाचून, खूप लिहून आलेली असतात. अंडरग्रॅज्युएट कोर्सने तीच वर्कशॉपची पद्धत उचलली पण विद्यार्थी असतात अठरा-एकोणीस वर्षांचे. म्हणून या वयात नुसतं वर्कशॉप पुरत नाही, सोबत भरपूर वाचन आणि छोटे छोटे सराव लागतात. कोर्स निवडताना हे डोक्यात ठेवा.

१. कोर्स निवडताना काय बघायचं

ब्रोशरमधले फोटो आणि "आमच्याकडे शिकून गेलेले लेखक" ही यादी बाजूला ठेवा. मॉड्यूलची (म्हणजे कोर्समधल्या एकेका विषयाची) यादी उघडा, प्रत्येक वर्षाची वेगळी, आणि कागद घेऊन मोजा की लिखाणाची मॉड्यूल किती आणि साहित्य शिकायची किती. कोर्सचं नाव "इंग्लिश लिटरेचर विथ क्रिएटिव्ह रायटिंग" असेल तर लिखाणाचा वाटा बहुतेक वेळा कमी असतो, "अँड" असेल तर साधारण निम्मं-निम्मं. अमेरिकेत बीए आणि बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) असे दोन प्रकार दिसतील, बीएफएमध्ये मुख्य विषयाचे क्रेडिट जास्त असतात आणि बाकीचे विषय घ्यायला जागा कमी उरते. मला विचाराल तर पहिली डिग्री म्हणून निम्मं साहित्य किंवा दुसरा एखादा विषय असलेला कोर्स बरा. लिहायला काहीतरी माहीत असावं लागतं. इतिहास, मानसशास्त्र, बायोलॉजी, कायदा, काहीही चालेल, पण जगातला एखादा कोपरा तुम्हाला इतरांपेक्षा जास्त माहीत असला की लिखाणात त्याचा उपयोग होतोच होतो.

मग पुढचे प्रश्न ईमेल करून किंवा ओपन डेला (युनिव्हर्सिटी बघायला बोलावतात त्या दिवशी) थेट विचारा, उत्तर मोघम आलं तर तेही एक उत्तरच समजा:

- वर्कशॉपच्या एका ग्रुपमध्ये किती जण असतात? दहा-बाराच्या आसपास असतील तर छान. वीस-पंचवीस असतील तर तुमचा नंबर सेमिस्टरमध्ये एकदा लागेल.
- एका सेमिस्टरमध्ये माझं लिखाण किती वेळा चर्चेला येतं?
- सुधारलेला ड्राफ्ट परत कुणी वाचतं का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच कुणी विचारत नाही.
- ज्या नामवंत लेखकाचं नाव वेबसाइटवर आहे ते पहिल्या-दुसऱ्या वर्षाला प्रत्यक्ष शिकवतात का, की फक्त एमएच्या मुलांना?
- कविता, नाटक, पटकथा, ललित गद्य यातलं काय काय घेता येतं आणि दर वर्षी चालतं का? काही ऑप्शन कागदावर असतात पण पुरेशी मुलं नसली की बंद करतात.

शिकवणाऱ्यांचं एखादं पुस्तक किंवा दोन-चार कथा नक्की वाचा. ते तुमच्यासारखं लिहितात का हे बघू नका, त्यांची लिखाणाबद्दलची आवड किती रुंद आहे ते बघा, मुलाखती असतील तर त्यात ते दुसऱ्यांच्या लिखाणाबद्दल काय बोलतात त्यावरून ते लगेच कळतं.

२. अर्ज आणि पोर्टफोलिओ

प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. ब्रिटनला अर्ज यूकॅसमधून, म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिटींच्या सामाईक अर्जव्यवस्थेतून जातो, पाच कोर्स निवडता येतात, आणि २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट (हा कोर्स का करायचाय हे सांगणारा मजकूर) तीन प्रश्नांची उत्तरं अशा स्वरूपात झालंय, तिन्ही मिळून ४,००० कॅरेक्टर्स, स्पेस धरून. अमेरिकेत कॉमन अॅपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा (कॉमन अॅप म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची सोय). तिथे बऱ्याच ठिकाणी सुरुवातीलाच मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवावा लागत नाही, मात्र अॅडव्हान्स्ड वर्कशॉपला बसायला नंतर वेगळा मजकूर सादर करावा लागतो असं पुष्कळ ठिकाणी आहे, ते आधी तपासा.

स्टेटमेंटमध्ये "लहानपणापासून मला पुस्तकांची प्रचंड आवड आहे" हे वाक्य लिहू नका, सगळेच लिहितात आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी एका विशिष्ट पुस्तकातली एक विशिष्ट जागा घ्या आणि लेखकाने तिथे काय केलंय, ते तुम्हाला का जमवायचंय, तुम्ही करून बघितलं तेव्हा काय अडलं ते लिहा. चार-पाच वाक्यात हे आलं की तुम्ही लेखकासारखे वाचता हे आपोआप दिसतं.

पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या निवडक लिखाणाचा नमुना, मागितला असेल तर दिलेली मर्यादा काटेकोर पाळा. दहा पानं म्हणजे दहा. सगळ्यात चांगलं लिखाण सगळ्यात आधी ठेवा कारण वाचणाऱ्यासमोर गठ्ठा असतो. कादंबरीतला मधलाच तुकडा देण्यापेक्षा पूर्ण झालेली छोटी कथा द्या, शेवट कसा करता हे त्यांना बघायचं असतं. कविता देणार असाल तर तीन-चार वेगवेगळ्या जातीच्या द्या, एकाच विरहावरच्या सहा नकोत. फॉरमॅट साधा, नेहमीचा फॉन्ट, १२ पॉइंट, गद्याला डबल स्पेस, पान नंबर. रंगीत शीर्षकं आणि चित्रं काढून टाका. आणि पाठवायच्या आधी एकदा पूर्ण मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्यात काहीतरी गडबड असते.

३. पहिलं वर्ष: रिकामं वाटणारं टाइमटेबल

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना धक्का बसतो तो हा की क्लास अगदी कमी आहेत. यामागचं गणित समजून घ्या. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला १० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे २० क्रेडिटच्या एका मॉड्यूलला २०० तास. त्यातले वर्गात किती? आठवड्याला दोन-तीन तास, असे दहा-अकरा आठवडे. म्हणजे वीस-तीस तास वर्गात आणि उरलेले पावणेदोनशे तुमचे तुम्ही वापरायचे, वाचायला, लिहायला, दुसऱ्यांचं वाचून टिपणं काढायला. ही वेळ कॅलेंडरमध्ये लेक्चरसारखी लिहून ठेवली नाही तर ती कुठे जाते ते कळतही नाही.

जे चालतं ते असं: आठवड्यातले चार-पाच दिवस लिखाणाची एक ठरलेली वेळ, तासभर पुरे, फोन दुसऱ्या खोलीत. त्या तासात असाइनमेंटच लिहिली पाहिजे असं नाही. चार महिन्यांत पन्नास-साठ कच्चे तुकडे जमा झाले की डेडलाइन येते तेव्हा कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही, ढिगातून निवडता येतं. हा फरक फार मोठा आहे. जी मुलं डेडलाइनच्या आदल्या रात्री लिहितात ती पहिल्या सुचलेल्या कल्पनेवर अडकतात, आणि पहिली कल्पना बहुतेक वेळा आपण आधी कुठेतरी वाचलेली-बघितलेली असते.

ब्रिटनमध्ये बऱ्याच युनिव्हर्सिटींत पहिल्या वर्षाचे मार्क अंतिम ग्रेडमध्ये धरत नाहीत, पास व्हावं लागतं एवढंच. तुमच्याकडे असं असेल तर या वर्षात जे येत नाही ते मुद्दाम करा. कथा लिहिणाऱ्यांनी कवितेचं मॉड्यूल घ्या. कविता लिहिणाऱ्यांनी नाटक घ्या, कारण नाटकात पात्राच्या मनातलं सांगायला निवेदक नसतो, सगळं बोलण्यातून आणि न बोलण्यातून यावं लागतं आणि हे एकदा हाताला लागलं की तुमचे कथेतले संवादही बदलतात.

४. वाचन, पण लेखकाच्या डोळ्यांनी

साहित्याच्या वर्गात विचारतात की या कथेचा अर्थ काय. लिखाणाच्या वर्गात विचारायचं असतं की हे बांधलंय कसं. म्हणून एक कथा आधी नुसती वाचा, मजेत. मग पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचा आणि समासात प्रत्येक परिच्छेदापुढे एक-दोन शब्दांत लिहा की हा परिच्छेद काय काम करतोय: प्रसंग, मागची हकीकत, वर्णन, वेळ पुढे नेणं, माहिती लपवणं. कथा संपली की फक्त समास वाचा. तुम्हाला दिसेल की लेखकाने दहा वर्षं दोन ओळींत उरकली आणि पाच मिनिटांच्या भांडणाला चार पानं दिली. का दिली? हा प्रश्न तुम्हाला कुठल्याही थिअरीपेक्षा जास्त शिकवेल.

दुसरा सराव नकलेचा. आवडलेल्या लेखकाचा एक परिच्छेद घ्या आणि वाक्यांची लांबी, क्रम, विरामचिन्हं तशीच ठेवून पूर्ण वेगळ्या विषयावर लिहा. हे वहीत ठेवायचं, सबमिट करायचं नाही. आपली स्वतःची शैली बिघडेल अशी भीती काही जणांना वाटते. बिघडत नाही. आठ-दहा लेखकांची नक्कल केली की उलट आपण कुठे त्यांच्यापासून सुटतो ते दिसायला लागतं.

आणि आजचं वाचा, मासिकं, गेल्या दोन-तीन वर्षांतले कथासंग्रह, भाषांतरं. फक्त शंभर वर्षांपूर्वीचं अभिजात वाचून लिहिणारी मुलं नकळत शंभर वर्षांपूर्वीची भाषा लिहितात.

५. वर्कशॉप

इथे जरा थांबते कारण सगळा कोर्स यावरच उभा आहे.

पद्धत साधारण अशी असते. दोन-तीन जण आठवडाभर आधी आपला मजकूर सगळ्यांना पाठवतात, बाकीचे वाचून टिपणं करून येतात, मग प्रत्येकावर अर्धा-पाऊण तास चर्चा. जुन्या पद्धतीत ज्याचं लिखाण आहे त्याने चर्चेभर गप्प बसायचं असतं. याचा फायदा असा की तुम्ही "अहो पण मला तसं म्हणायचं नव्हतं" हे सांगू शकत नाही, पानावर जे आहे तेवढंच लोकांपर्यंत पोचलंय हे कळतं. तोटा असा की ग्रुपला काही संदर्भच माहीत नसला, समजा तुम्ही अशा भाषेतल्या किंवा समाजातल्या माणसांबद्दल लिहिलंय ज्यांची त्यांना ओळख नाही, तर अर्धा वेळ चुकीच्या गोष्टीवर जातो. म्हणून आता बरेच ट्युटर वेगळ्या पद्धती वापरतात. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये आखलेली पद्धत चांगली आहे, तिच्यात चार टप्पे आहेत: आधी वाचकांनी काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं, मग लेखकाने आपले प्रश्न विचारायचे, मग वाचकांनी मत न लादता प्रश्न विचारायचे, आणि शेवटी लेखकाची परवानगी घेऊन मतं मांडायची. तुमच्या वर्गात हे नसलं तरी चार जणांचा वेगळा ग्रुप करून हे वापरून बघा.

*लिखाण देताना.* अगदी कच्चा पहिला ड्राफ्ट देऊ नका, ज्या चुका तुम्हाला स्वतःला दिसतायत त्या दाखवण्यात दहा लोकांचा वेळ जातो. पण घासूनपुसून "झालं" असं वाटणारंही देऊ नका, कारण मग तुम्हाला फक्त शाबासकी हवी असते आणि कुणी काही बोललं की लागतं. मधला ड्राफ्ट द्या, जिथे काहीतरी चुकतंय हे जाणवतंय पण काय ते कळत नाही. सोबत दोन प्रश्न लिहून द्या. "कशी वाटली?" हा प्रश्न नाही. "बहिणीला सगळं आधीपासून माहीत होतं हे तुम्हाला कुठल्या पानावर कळलं?" हा प्रश्न आहे, याचं उत्तर दहा जणांकडून दहा वेगवेगळं आलं तर कुठे काम करायचं ते समजतं.

*दुसऱ्याचं वाचताना.* दोनदा वाचा. पहिल्यांदा पेन न घेता. मग टिपणं करताना आधी एका परिच्छेदात लिहा की तुमच्या मते ही कथा कशाबद्दल आहे. लेखकाला यातूनच सगळ्यात जास्त मिळतं, कारण त्याच्या मनातली कथा आणि तुम्ही वाचलेली कथा यातलं अंतर त्याला दिसतं. मग जागा दाखवून बोला. "शेवट पटला नाही" हे निरुपयोगी. "भाऊ दुसऱ्या पानावर पत्राचा उल्लेख करतो म्हणून मला वाटलं त्याने ते वाचलंय, पण पाचव्या पानावर तो दचकतो, तिथे माझा विश्वास उडाला" हे उपयोगी. तुम्हाला स्वतःला अशी कथा आवडते का हा मुद्दाच नाही. विज्ञानकथा आवडत नसेल तरी ती विज्ञानकथा म्हणून जमलीय का ते बघायचं. आणि उपाय सुचवायची घाई करू नका. तुम्ही सुचवलेला शेवट तुमच्या कथेचा असतो, त्याच्या नाही.

जी मुलं इतरांच्या लिखाणावर मन लावून टिपणं करतात तीच सगळ्यात लवकर सुधारतात असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्याच्या ड्राफ्टमध्ये लांबलेली सुरुवात लगेच दिसते कारण तिथे आपला जीव अडकलेला नसतो. असे वीस-तीस ड्राफ्ट वाचले की तीच नजर आपल्या पानावर वळते, आणि ती वळली की मग आयुष्यभर राहते.

*आपल्या लिखाणावर चर्चा चालू असताना.* सगळं लिहून घ्या, पटलेलंही आणि न पटलेलंही, कोण बोललं तेही. उत्तर देऊ नका, चेहऱ्यानेसुद्धा. त्या रात्री फाइल उघडू नका. तीन-चार दिवसांनी टिपणं काढा आणि तीन ढीग करा: ऐकल्याबरोबर "हो, हे मला माहीत होतं" असं झालं ते, पटत नाही पण दोघातिघांनी एकाच जागी बोट ठेवलंय ते, आणि एकट्याच कुणाचं वैयक्तिक आवडीचं मत. पहिला ढीग लगेच सुधारा. तिसरा सोडून द्या. दुसऱ्यावर खरा विचार करा, कारण लोकांनी सांगितलेला उपाय चुकीचा असू शकतो, पण तिघं एकाच परिच्छेदावर अडखळले असतील तर तिथे काहीतरी अडखळण्यासारखं आहेच, कदाचित कारण दोन पानं आधी असेल.

एखादा ट्युटर किंवा वर्गमित्र लिखाणाऐवजी तुमच्यावर बोलायला लागला, तुमचा समाज, तुमचं शरीर, तुमचे अनुभव यांच्यावर शेरे मारायला लागला, तर ती टीका नाही. तारीख आणि शब्द लिहून ठेवा आणि कोर्स प्रमुखांशी किंवा स्टुडंट सपोर्टशी बोला. स्वतःच्या खऱ्या दुखऱ्या गोष्टीवर लिहिलेलं वर्कशॉपला द्यायचं की नाही हा निर्णयही पूर्णपणे तुमचा असतो. जखम ताजी असेल तर वहीत राहू द्या, वर्षा-दोन वर्षांनी त्याच मजकुराकडे लिखाण म्हणून बघता येतं.

६. पुनर्लेखन

शुद्धलेखन तपासणं आणि शब्द बदलणं म्हणजे पुनर्लेखन नाही. ते सगळ्यात शेवटी. क्रम असा ठेवा: आधी रचना, मग प्रसंग, मग परिच्छेद, मग वाक्य, मग शब्द. उलटं केलं तर दोन दिवस घासलेलं सुंदर वाक्य नंतर पूर्ण प्रसंगच काढावा लागला म्हणून जातं, आणि ते जाऊ नये म्हणून तुम्ही नको असलेला प्रसंग ठेवून देता.

रचनेसाठी कथेतल्या प्रत्येक प्रसंगाची एका ओळीत यादी करा आणि दोन ओळींच्या मध्ये "म्हणून" किंवा "पण" टाकता येतं का बघा. सगळीकडे "आणि मग, आणि मग" येत असेल तर घटना एकामागे एक आहेत पण एकीतून दुसरी निघत नाही. मग पहिलं पान पूर्ण काढून बघा. नवशिक्यांच्या कथेत खरी सुरुवात पुष्कळदा दुसऱ्या पानावर असते, आधीचं सगळं लेखकाने स्वतःला तयार करण्यासाठी लिहिलेलं असतं.

वाक्याच्या पातळीवर एक उदाहरण. कच्चा ड्राफ्ट: "सुमन खूप दुःखी होती. तिला आईची खूप आठवण येत होती आणि कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं." सुधारलेला: "सुमनने आईच्या चष्म्याची डबी उघडली, बंद केली, परत उघडली. फोन वाजत होता, तो वाजून बंद होऊ दिला." दुसऱ्यात दुःख हा शब्द नाही पण वाचणारा ते स्वतः काढतो. मात्र "दाखवा, सांगू नका" हा नियम डोळे झाकून पाळू नका, काही ट्युटर तो फार ताणतात. सगळंच दाखवायला गेलं तर कथा हलतच नाही. "पुढची दोन वर्षं सुमन त्या घरात गेली नाही" हे सरळ सांगणंच बरोबर. काय दाखवायचं आणि काय सांगून पुढे जायचं हे ठरवणं म्हणजेच कथेचा वेग ठरवणं.

प्रत्येक ड्राफ्ट वेगळ्या नावाने आणि तारखेने सेव्ह करा. काढलेले तुकडे एका वेगळ्या फाइलमध्ये टाका, ते फेकलेले नाहीत हे माहीत असलं की कापायला हात धजावतो. आणि वरच्या टप्प्यांनंतर एकदा जुना ड्राफ्ट बाजूला ठेवून, नवी फाइल उघडून पूर्ण कथा पहिल्यापासून टाइप करा. कंटाळवाणं आहे. पण कॉपी-पेस्ट करताना जे वाक्य निमूट पुढे जातं ते परत टाइप करायची वेळ आली की त्याची गरज आहे का ते हात सांगतो.

७. मार्क कशाला मिळतात

मार्किंगचे निकष हँडबुकमध्ये छापलेले असतात, सेमिस्टर सुरू होतानाच वाचा. बहुतेक असाइनमेंटमध्ये कथा-कवितेसोबत एक टिपणवजा निबंध द्यावा लागतो, कुठे त्याला क्रिटिकल कॉमेंटरी म्हणतात, कुठे रिफ्लेक्टिव्ह एसे. मुलं हा शेवटच्या दोन तासात लिहितात आणि तिथेच मार्क जातात. त्यात कथेचा सारांश नको, "मला ही कल्पना प्रवासात सुचली" हेही नको. निर्णय लिहा: आधी प्रथमपुरुषी निवेदन होतं, ते तृतीयपुरुषी का केलं, त्याने काय मिळालं, काय गेलं, कुणाचं लिखाण वाचून हे सुचलं आणि त्यांच्यापेक्षा वेगळं काय केलं. लिहितानाच एक डायरी ठेवली, प्रत्येक मोठ्या बदलाला तारीख आणि एक ओळ, तर हा निबंध जवळजवळ तयारच असतो.

ग्रेड कमी आली तर ट्युटरच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) जा, पण मार्क वाढवून मागायला नाही. एक पान घेऊन जा आणि विचारा, या पानावर तुमचा रस कुठे कमी झाला?

एआयबद्दल थोडक्यात. प्रत्येक युनिव्हर्सिटीचं आणि कधी कधी प्रत्येक मॉड्यूलचं धोरण वेगळं असतं, लेखी धोरण वाचा, शंका असेल तर ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. तुमचे ड्राफ्ट तारखेसकट जपलेले असतील तर कुणी शंका घेतली तरी दाखवायला पुरावा असतो. आणि वर्गमित्राचा ड्राफ्ट त्याला न विचारता कुठल्याही टूलमध्ये टाकू नका, त्याने तो वाचायला विश्वासाने तुमच्याकडे दिलेला असतो.

८. फायनल प्रोजेक्ट

शेवटच्या वर्षी मोठं काम असतं. गद्य असेल तर ब्रिटनमध्ये आठ-दहा हजार शब्दांच्या आसपास, शिवाय कॉमेंटरी. इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पूर्ण कादंबरीचा प्लॅन करून तिची पहिली तीन प्रकरणं सबमिट करणं. सुरुवातीची प्रकरणं ही नुसती मांडणी असते, त्यातून तुमचं पुढचं कसब दिसायला जागाच नसते. त्यापेक्षा एकमेकींशी जोडलेल्या तीन-चार कथा, एक दीर्घकथा किंवा कवितांची मालिका घ्या, जी त्या मर्यादेत पूर्ण होते.

सुपरवायझरच्या भेटी मोजक्या असतात. प्रत्येक भेटीच्या आठवडाभर आधी पानं पाठवा आणि भेट झाल्यावर त्याच दिवशी काय ठरलं ते दोन ओळींत ईमेल करा. डेडलाइनच्या महिनाभर आधी पूर्ण ड्राफ्ट हातात असला पाहिजे, वाईट असला तरी चालेल, कारण हा महिना पुनर्लेखनासाठीच हवा.

९. छापायला पाठवणं आणि पुढचं काम

दुसऱ्या वर्षापासून मासिकांना पाठवायला सुरुवात करा. आधी त्या मासिकाचा एखादा अंक वाचा. नियमांत दोन गोष्टी नीट बघा: एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवलेलं चालतं का, आणि ऑनलाइन टाकलेलं "आधी प्रकाशित" धरतात का. बरीच मासिकं स्वतःच्या ब्लॉगवर टाकलेली कवितासुद्धा प्रकाशित मानतात, म्हणून चांगल्या गोष्टी सोशल मीडियावर टाकायची घाई नको. कुठे काय कधी पाठवलं याची एक शीट ठेवा. नकार येतील, भरपूर, सगळ्यांना येतात. छापण्यासाठी तुमच्याकडूनच मोठी रक्कम मागणाऱ्या "प्रकाशकां"पासून लांब राहा. कॉलेजच्या मासिकात संपादनाचं काम मिळालं तर नक्की करा, आलेला गठ्ठा वाचताना संपादक पहिल्या पानावर का थांबतो ते कळतं.

पैशाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. फक्त कथा-कविता लिहून घर चालवणारे लोक फार थोडे आहेत आणि ही डिग्री ते बदलत नाही. शिकलेली मुलं प्रकाशन, संपादन, जाहिरात, कंटेंट, गेम रायटिंग, शिक्षण, भाषांतर, संस्थांचं कम्युनिकेशन अशा कामांत जातात. मुलाखतीत "मी क्रिएटिव्ह आहे" सांगून उपयोग नाही. डेडलाइनला मजकूर देणं, दुसऱ्याचा मजकूर न दुखावता सुधारणं, टीका ऐकून बदल करणं, ही तुमची कौशल्यं आहेत आणि प्रत्येकाचं उदाहरण तुमच्याकडे आहे. सुट्टीत एखादी इंटर्नशिप किंवा पगारी लिखाणाचं काम केलेलं असेल तर दार लवकर उघडतं. लगेच एमए किंवा एमएफएला (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) जायची घाई मी तरी करणार नाही. दोन-तीन वर्षं काम करा, जगाशी संबंध येऊ द्या, मग जायचं असेल तर जा, आणि फी माफी किंवा फंडिंग मिळणारी जागा आधी शोधा.

कोर्स संपायच्या दोन महिने आधी दोन कामं करून टाका. एक, युनिव्हर्सिटीचं ईमेल आणि क्लाउड अकाउंट बंद व्हायच्या आत सगळे ड्राफ्ट, ट्युटरचे शेरे आणि वर्गमित्रांची टिपणं उतरवून घ्या. दोन, वर्गातले तीन-चार जण निवडा, तुमचे सगळ्यात जवळचे मित्र असतीलच असं नाही, तुमचं लिखाण सगळ्यात नीट वाचणारे निवडा, आणि महिन्यातून एक ठरलेला दिवस, दोघांचं लिखाण, व्हिडिओ कॉलवर चर्चा, असं लेखी ठरवून पहिली तारीख कोर्स चालू असतानाच टाका. नंतर ठरवू म्हटलं की नोकऱ्या लागतात, शहरं बदलतात आणि मग तो ग्रुप बनतच नाही.